ज्या भोंग्यावर काढलं

मला राग लवकर येतो हे सासरच्यांना माहीत आहे, माहेरच्यांना त्याआधीपासून माहीत आहे, आणि आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तर फाटकावरच्या कुत्र्यालाही माहीत आहे. येतो तसा जातोही. पण आमच्या प्रेसवाल्या चाचांना भोंग्यावरून, सगळ्यांदेखत, कामावरून काढलं त्या दिवशीचा राग काही गेला नाही. आजही मलकापूरच्या रस्त्याला एखाद्या जिनिंगच्या आवारातून भोंगा ऐकू आला की तळपायाची आग मस्तकाला जाते.

भोंगा म्हणजे लाऊडस्पीकर. कापसाचे ट्रॅक्टर आवारात रांगेने उभे असतात, आणि वजनकाट्याच्या खोलीतला माणूस माईकवर ओरडत असतो, ‘निळा ट्रॅक्टर काट्यावर घ्या, मागचा टेम्पो पुढे सरका.’ आवाज हायवेपर्यंत जातो. तोंडाने सांगून जे भागेल ते भोंग्यावर कशाला सांगायचं, असा विचार आमच्याकडे कोणी करत नाही.

मी तिथे इलेक्ट्रिकचं बघते. डिप्लोमा केलेला आहे. पॅनल, मोटारी, सेन्सर आणि पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा तो छोटा कंट्रोलर, हे सगळं माझ्याकडे. मी पहिल्यांदा पान्हा घेऊन प्रेसजवळ गेले तेव्हा चाचा कमरेवर हात ठेवून उभे होते. प्रेस म्हणजे रुईच्या, सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी दाबायचं मशीन, आणि ते चालवणारे चाचा. मलकापूर ते नांदुरा, कोणत्याही जिनिंगमध्ये विचारा, प्रेसवाले चाचा म्हटलं की हेच. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, “आता प्यानलवर बाई आली. उद्या प्रेसवरबी बाईच येईन. मंग आमी काय पोया लाटाच्या काय?”

मी म्हटलं, “लाटा न चाचा. मीठ मी घालते.”

तेव्हापासून आमचं जमलं. जमलं म्हणजे रोज भांडण. चाचा काही गरीब गाय नव्हते. तोंडाळ माणूस. खर्रा खायचे, थुंकायचे, शेतकऱ्यांशी वाद घालायचे, आणि आपल्यासारखी गाठ अख्ख्या जिल्ह्यात कोणी बांधत नाही हे दिवसातून दहा वेळा सांगायचे. पण त्यांच्या हाताखाली पट्ट्या बांधणाऱ्या गड्यांना त्यांनी कधी घाई केली नाही. पट्टी नीट बसल्याशिवाय दाब सोडायचे नाहीत, मग मालक समोर उभा का असेना.

मालक एक नव्हता, हीच तर सगळी रड. तीन भाऊ. थोरले जिनिंगच्या ऑफिसात, मधले बाजारपेठेतल्या दुकानात, धाकटे शेजारच्या सरकीच्या तेल मिलमध्ये. देवळात, लग्नात, फोटोत तिघं खांद्याला खांदा लावून उभे राहतात. पण दिवसाला गाठी किती झाल्या, हा एक आकडा तिघांपैकी कोणी दुसऱ्याच्या तोंडून मान्य करत नाही. थोरल्याने सांगितला की मधल्याला वाटतं कमी सांगितला. मधल्याने सांगितला की धाकटा स्वतः येऊन गाठींवर हात ठेवून मोजतो. बारभाईचा कारभार दुसरा काय असतो!

पूर्वी हे तिघं चाचांना फोन करायचे. “किती झाल्या?” “आता किती?” चाचा एका हाताने लिव्हर धरून दुसऱ्या हाताने फोन उचलायचे. एकदा चिडून थोरल्यांनाच म्हणाले, “गाठ बांधू का तुमच्याशी बोलू? दोनातलं एक सांगा!” ते मात्र थोरल्यांना पटलं. प्रेसजवळ पाटी लागली: काम चालू असताना मोबाईल वापरण्यास सक्त मनाई. मला इतका आनंद झाला की मी स्वतः शिडी लावून ती पाटी ठोकली.

आणि मग त्याच हंगामात त्यांनी स्क्रीन लावल्या.

पुण्याहून एका कंपनीचा माणूस आला. गाठींचा आकडा, मोटारींचा भार, तेलाचं तापमान, सगळं स्क्रीनवर दिसणार. मी म्हटलं, चांगलं आहे, एक कॉम्प्युटर पीएलसीला जोडा, तो माहिती गोळा करेल, बाकीच्यांनी त्या कॉम्प्युटरकडून घ्यावी. झालं! धाकटे उसळले. “दादाच्या कॉम्प्युटरमधून माह्याकडं आकडा येईन? म्हंजे दादा म्हनन तितक्या गाठी!” मधल्यांचंही तेच. थोरल्यांना तर धाकट्याच्या कॉम्प्युटरची सावलीही नको. शेवटी ठरलं की प्रत्येकाची स्क्रीन थेट मशीनला जोडायची. थोरल्यांची वेगळी, मधल्यांची वेगळी, धाकट्यांची वेगळी. त्यात जावईबापूंनी, म्हणजे तिघांच्या बहिणीच्या नवऱ्याने, नागपूरहून सांगितलं की त्यांच्या मोबाईलवरही थेटच दिसलं पाहिजे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! आणि प्रत्येकाचा आकडा क्षणाक्षणाला बदलला पाहिजे, दुसऱ्यापेक्षा एक श्वासही मागे नको.

आता हा पीएलसी काय करतो ते सांगते, अवघड नाही. तो सारखा फेऱ्या मारतो. एका फेरीत आधी सगळे सेन्सर बघतो, मग काय करायचं ते ठरवतो, मग मोटारींना, व्हॉल्व्हना हुकूम देतो. मधेच ज्यांनी ज्यांनी काही विचारलं असेल त्यांना उत्तरं देतो. की पुन्हा पहिल्यापासून. फेरी डोळ्याची पापणी लवायच्या आत संपते, म्हणूनच मशीन नीट चालतं. विचारणारे वाढले, उत्तरं देण्यात वेळ जास्त गेला, की फेरी लांबते. चुलीपुढे भाकरी करणाऱ्या बाईला घरातल्या प्रत्येक खोलीतून “झाली का भाकर?” म्हणून हाका मारा, आणि प्रत्येकाला उत्तर दिलंच पाहिजे अशी सक्ती करा. तव्यावरची जळणारच. त्यात त्या बाईची काय चूक?

महिनाभरात पट्ट्या तुटायला लागल्या.

रुई थोडीथोडी पेटीत पडते, दर खेपेला वरून दट्ट्या दणका देऊन ती चेपतो. ठरलेले दणके झाले की पेटी फिरते, मोठा प्रेस गाठ दाबतो, गडी लोखंडी पट्ट्या बांधतात, दाब सुटतो, गाठ बाहेर. दाब सुटला की गाठ फुगते, आणि तिला आवरून धरतात त्या पट्ट्या. पेटीत रुई जास्त गेली तर पट्टीवर ताण जास्त. आमच्या गाठी जड यायला लागल्या होत्या. सगळ्या नाही, मधेच एखादी. चाचांचं म्हणणं, कापूस ओला. त्यावरून आवारात जाऊन त्यांनी दोन शेतकऱ्यांशी भांडणही काढलं. “पानी मारून आनता अन् आमच्या पट्ट्या तोडता!” कापूस खडखडीत वाळलेला होता, शेतकरीही ऐकून घेणारे नव्हते. माझं डोकं तेव्हा हायड्रॉलिकच्या प्रेशरमध्ये अडकलं होतं. गेज बदलून बघितला, काही फरक नाही.

मग एका दुपारी एक पट्टी तुटून सपकन उडाली आणि गड्याच्या हाताला लागली. लोणारकडच्या सुलतानपूरहून हंगामाला आलेला माणूस. कोपरापासून मनगटापर्यंत चिरलं. पांढऱ्या रुईवर रक्त पडलं की किती लाल दिसतं, ते मला त्या दिवशी कळलं. चाचांनी खांद्यावरचा रुमाल त्याच्या हाताला आवळून बांधला आणि मोटरसायकलवर स्वतः मागे धरून बसून त्याला डॉक्टरकडे नेलं. टाके पडले, हात वाचला.

चाचा परत आले तेव्हा थोरले प्रेसजवळ उभे होते. “डोये फुटले काय तुमचे? झोपा काढून राह्यले प्रेसवर! पेटीत किती भरून राह्यलं ते दिसत नाई?”

चाचा म्हणाले, “दनके मी मोजतो काय? मशीन मोजते.”

“मशीन नवीन आहे. म्हातारे तुमी झाले.”

एवढ्यावर थांबले असते तरी मी एक वेळ गिळलं असतं. पण नाही. काट्याच्या खोलीत गेले, माईक घेतला आणि सगळ्या आवाराला सांगितलं की हलगर्जीपणामुळे प्रेसवाल्याला आजपासून कमी केलं आहे, बाकीच्यांनी यापासून धडा घ्यावा. ट्रॅक्टरवरचे शेतकरी, रुई झाडणाऱ्या बाया, बाहेर टपरीवर चहा पिणारे, सगळ्यांनी ऐकलं. चाचांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि फाटकातून बाहेर गेले. माझ्याकडे बघितलंही नाही.

प्रेसवाल्याची सगळी कमाई म्हणजे त्याचं नाव. याच्या प्रेसवर पट्टी तुटून माणूस रक्तबंबाळ झाला, असं एकदा पसरलं की दुसरं जिनिंग त्याला उभं करत नाही. आणि हे तर हायवेपर्यंत पसरलं होतं. चाचांनी दोन ठिकाणी विचारून पाहिलं. दोन्हीकडे चहा मिळाला, काम नाही.

नवा प्रेसवाला आला. तरुण, चष्मेवाला, डोळ्यात तेल घालून काम करणारा. पट्ट्या तुटतच राहिल्या. आता तरी यांना अक्कल येईल, असं मला वाटलं. थोरले काय म्हणाले माहीत आहे? “जाता जाता चाचानं मशीन बिघडवून ठेवली.” मी तिथेच होते. हातात टेस्टर होता. तो मी खिशात ठेवला, नाहीतर काय केलं असतं सांगता येत नाही.

एका गुरुवारी सगळं कुटुंब शेगावला दर्शनाला गेलं. तिघं भाऊ, बायका, पोरं, नागपूरहून जावईबापूही. ऑफिसं बंद, दुकान बंद, रांगेत फोन बंद. आणि आमचं मशीन त्या दिवशी शहाण्या सुनेसारखं चाललं. एक पट्टी तुटली नाही, एक गाठ जड आली नाही. गडी हसून म्हणाले, “मालकाचीच नजर लागते मॅडम.” मीही हसले. आणि हसता हसता थांबले. नजर! चार-चार नजरा सारख्या मशीनवरच तर होत्या.

दुसऱ्या दिवशी मंडळी परत आली. मी खडू घेऊन दट्ट्यासमोर उभी राहिले. प्रत्येक दणक्याला भिंतीवर एक रेघ, आणि शेजारी पीएलसीचा आकडा. रेघा जास्त, आकडा कमी. मधेच एखादा दणका त्याने बघितलाच नाही. दट्ट्यावर एक बोल्ट आहे, तो सेन्सरपुढून सपकन जातो तेव्हा दणका मोजला जातो. पीएलसी चौघांना उत्तरं देण्यात गुंतला असेल आणि तेवढ्यात बोल्ट येऊन गेला, की तो दणका हिशेबातून गेला. मग मशीन वरून एक जास्तीचा दणका देतं, पेटीत जास्तीची रुई जाते. मी चारही जोडण्या काढल्या. रेघा आणि आकडा बरोबर जुळले. पुन्हा जोडल्या, पुन्हा चुकले. लॅपटॉप लावून फेरीचा वेळ बघितला तर तो जवळजवळ दुप्पट झालेला. आणि सेटिंगमध्ये, जिथे फेरीतला किती वाटा बोलण्याला द्यायचा ते भरायचं असतं, तिथे मूळचा पाचवा हिस्सा काढून कोणीतरी अर्धा करून ठेवला होता. अर्धं काम, अर्ध्या गप्पा!

पुण्याला फोन लावला. तो स्क्रीनवाला साहेब माझं दोन मिनिटं ऐकून म्हणाला, “मॅडम, तुम्ही हिंदीत बोलता का? तुमचं मराठी नीट कळत नाहीये.”

आहाहा! चिडले की माझं बोलणं पार गावाकडचं होतं हे खरं, पण मराठी माणसाला मराठी कळू नये? मी म्हटलं, “माहं मराठी कयत नाई तं राहू द्या. एवढंच सांगा, तो वाटा अर्धा कोनं केला?”

हे बरोबर कळलं. म्हणाला, “हो, तो मीच वाढवला. तुमच्या साहेबांच्या स्क्रीन अडकत होत्या ना.”

“अन् मशीन अडकली तं?”

“ते मॅडम, तुमच्या ऑपरेटरने बघायला हवं.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. चाचांनी फोन उचलू नये म्हणून पाटी लावली, त्यांच्याच मशीनला चार-चार फोन जोडून दिले, आणि ते चुकलं तेव्हा फाशी चाचांनाच!

मी तिघा भावांना प्रेसजवळ बोलावलं. भिंतीवरच्या रेघा दाखवल्या. थोरले रेघा मोजून म्हणाले, “बरोबर हाय. धाकट्याची स्क्रीन काढून टाक.” धाकटे म्हणाले, “माही काऊन? जावयाची काढा.” मधले म्हणाले, “जावयाची काढली तं बहीन रुसन.” आणि मग माझ्यासमोर तिघांचं जुंपलं. पट्टी कोणाच्या हाताला लागली, कोण घरी बसलं, यातलं एक अक्षर नाही. वादाचा विषय एकच, कोणाची स्क्रीन राहणार.

मी सरळ पॅनलमध्ये गेले, चौघांच्या जोडण्या उपटल्या, केबल गुंडाळून माझ्या कपाटात टाकल्या आणि कुलूप लावलं. तो वाटा मूळचा करून ठेवला. दट्ट्यावर बोल्टच्या जागी लांब पट्टी वेल्ड करून घेतली, म्हणजे सेन्सरला बघायला पुरेसा वेळ मिळावा. आठवडाभर तिघांची तोंडं फुगलेली, आणि आठवडाभर एक पट्टी तुटली नाही. शेवटी माझं पहिल्या दिवसाचंच म्हणणं मान्य झालं. मशीनला विचारणारा कॉम्प्युटर एकच, तो कोणत्याच भावाकडे नाही, माझ्या पॅनलच्या खोलीत, आणि सगळ्यांनी त्यालाच विचारायचं.

मी थोरल्यांना म्हटलं, “आता चाचा?”

त्यांनी मोबाईलवरून मान वर न करता सांगितलं, “बोलाव त्यायले. झालं गेलं गंगेला मिळालं. आमी माफ केलं.”

माफ केलं! मी ते दोन शब्द तोंडात घेऊन फाटकाबाहेर आले, आणि तिखट लागल्यासारखं तोंड जळत होतं. चाचा समोरच्या टपरीवर होते. काढल्यापासून रोज तिथेच येऊन बसायचे, प्रेसचा आवाज ऐकत. मी सगळं सांगितलं, दणके, फेरी, स्क्रीन. त्यांना त्यातलं किती कळलं माहीत नाही. ते एकच म्हणाले, “म्हंजे माही चूक नोयती.”

“नव्हती चाचा.”

“अन् थे काय म्हनतात?”

मला खोटं बोलता येत नाही. “म्हणतात, माफ केलं.”

चाचांनी खर्रा थुंकला. “ज्याची चूक नाई त्याले माफ करतात काय वं? मले भोंग्यावर काढलं. भोंग्यावर बोलाव म्हना. तोवर मी हा रस्ता ओलांडत नाई.”

मी परत जाऊन थोरल्यांना सांगितलं. ते हसले. “मालकानं भोंग्यावर चूक कबूल कराची? उद्या गडी डोक्यावर बसतीन. त्याले याचं तं यावं, नाई तं बसावं टपरीवर.”

“मालकानं नका सांगू मग,” मी म्हटलं, आणि तिथून निघाले.

काट्याच्या खोलीत गेले. काटेवाल्याच्या हातातून माईक घेतला. तो “अवं मॅडम, मॅडम” करत राहिला. बटण दाबलं.

“सगळे ऐका. मी लाइटवाली मॅडम बोलते. प्रेसवरच्या पट्ट्या चाचांमुळे तुटल्या नाहीत. चार स्क्रीन मशीनला काम करू देत नव्हत्या, म्हणून तुटल्या. चाचांची काही चूक नव्हती. त्यांना काढलं ती चूक होती. चाचा, आत या.”

रुई झाडणाऱ्या बायांचे हात थांबले. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरच बंद केला. थोरले ऑफिसातून धावत आले, मोबाईल हातातच, चेहरा लालबुंद. काट्याच्या दारात उभे राहून म्हणाले, “ठेव तो माईक. ठेव आधी!”

खिडकीतून मला टपरी दिसत होती. चाचांनी बशीतला चहा संपवला. टोपी झटकली, डोक्यावर ठेवली. रस्ता ओलांडला, फाटकापाशी येऊन थांबले, कानामागे हात धरला आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असे ओरडले, “ओ बाई! ट्रॅक्टर चालू होतं! मले काई आयकू नाई आलं! पुन्हा सांग!”

थोरले माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. मी त्यांच्याकडे बघत बटण दाबलं आणि पहिल्यापासून, सावकाश, पुन्हा सांगितलं.